जुना जीपीएस घेताय? आधी नकाशाचं वय विचारा

गाडीत रस्ता दाखवणारा जुना जीपीएस विकायला काढलेला माणूस सगळ्यात आधी पडदा दाखवतो. ओरखडा नाही, डाग नाही, स्टँड आहे, चार्जर आहे, खोकंसुद्धा जपून ठेवलंय. हे सगळं बघावंच, पण मागाहून. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आतला नकाशा कोणत्या सालचा आहे, आणि पुढचा फुकट मिळणार की विकत घ्यावा लागणार? याचं धड उत्तर आलं नाही तर मी किमतीपर्यंत जातच नाही. नकाशाची एक आवृत्ती विकत घ्यायला जेवढे पैसे पडतात, त्याच्या आसपास कित्येकदा फुकट नकाशे मिळणारं दुसरं जुनं यंत्रच मिळून जातं.

मी गाडी लांब लांब चालवते आणि नातेवाइकांत ‘हिला त्या डबीतलं कळतं’ अशी माझी ख्याती झाली आहे. त्यामुळे कुणाच्या कपाटातून जुनं यंत्र निघालं की ते फिरत फिरत माझ्या टेबलावर येतं. फोन असताना हे कशाला, असं विचारणारेही येतात. त्यांना मी यंत्र घ्यायचा आग्रह करत नाही. फोनवर नकाशे आधी उतरवून ठेवले तर तोही नेटशिवाय वाट दाखवतो. पण काचेपाशी उन्हात ठेवलेला, चार्जिंगला लावलेला फोन तापून बंद पडतो, नेमका वळणावर फोन येतो आणि नकाशा झाकला जातो. गाडीतली वेगळी डबी तिचं एकच काम करते, म्हणून मला ती आवडते. नवऱ्याचं मत असं, की रस्ता माणसाला विचारावा. त्याच्या पद्धतीत अपडेटची कटकट नाही, हे मात्र खरं.

नावामागची अक्षरं

अशी यंत्रं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीच्या जुन्या नूवी मालिकेत मॉडेलच्या आकड्यामागे अक्षरं असतात आणि सगळी गोम त्यांतच आहे. ‘एलएम’ म्हणजे लाइफटाइम मॅप्स. ‘एलएमटी’ म्हणजे नकाशांबरोबर वाहतुकीची माहितीही. नुसतं ‘टी’ असेल तर फक्त वाहतूक, नकाशे नाहीत. एकाच आकड्याची दोन यंत्रं शेजारी ठेवली, एकावर एलएम आहे आणि दुसऱ्यावर नाही, तर दिसायला जुळी असली तरी किमतीत चांगला फरक पडायला हवा. विकणाऱ्याला बहुतेक वेळा हे माहीत नसतं, तो नुसता आकडा सांगतो. म्हणून यंत्राच्या पाठीवरचं किंवा खोक्यावरचं लेबल बघावं. लेबल पुसलं असेल तर सेटिंगमधल्या ‘अबाउट’ पानावर मॉडेल आणि यंत्राचा क्रमांक सापडतो.

आता हे ‘लाइफटाइम’ म्हणजे कुणाचं आयुष्य? तुमचं नव्हे. ज्या यंत्राला कंपनी आधार देते (म्हणजे अपडेट पुरवत राहते), ज्यात नवा नकाशा मावतो आणि चालतो, त्या यंत्राचं उपयुक्त आयुष्य, असा त्याचा अर्थ कंपन्यांनी अटींत लिहून ठेवला आहे. टॉमटॉम या दुसऱ्या कंपनीने २०१८ च्या सुरुवातीला आपल्या काही जुन्या मॉडेलना यापुढे नकाशे मिळणार नाहीत असं जाहीर केलं, त्यांत लाइफटाइम नकाशांवाली मॉडेलंही होती. लोक चिडले, पण अट आधीपासून तशीच होती. त्यामुळे यंत्र पसंत पडलं की त्याचं मॉडेल त्या कंपनीच्या साइटवर शोधून आधार चालू आहे की संपला, हे घेण्याआधी बघावं.

हा हक्क त्या एका यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. मोडक्या यंत्रावरचा लाइफटाइम हक्क उचलून चांगल्या यंत्रावर नेता येत नाही. असं करून देतो म्हणणारा कुणी भेटलाच तर त्याचा निरोप घ्यावा.

अक्षरांवर किंवा तोंडी आश्वासनावर विसंबण्यापेक्षा एक पक्की चाचणी आहे. सोबत लॅपटॉप न्यायचा, त्यात कंपनीचा अपडेटचा प्रोग्रॅम, म्हणजे गार्मिनसाठी गार्मिन एक्सप्रेस, टॉमटॉमसाठी मायड्राइव्ह कनेक्ट, आधीच टाकून ठेवायचा. पैसे देण्याआधी यंत्र जोडायचं. नवा नकाशा ‘उपलब्ध’ दिसतो की ‘विकत घ्या’ असं बटण दिसतं, हे मिनिटभरात कळतं. टॉमटॉमचं फार जुनं यंत्र असेल तर त्याला मायड्राइव्ह ओळखत नाही, त्यांच्यासाठी टॉमटॉम होम नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता. तुमच्या हातातलं यंत्र फक्त त्या जुन्या प्रोग्रॅमशीच बोलत असेल, तर वय झालंय असं समजून पुढचं ठरवा. आणि आधीच्या मालकाच्या खात्याला यंत्र जोडलेलं असेल तर ते तिथून काढायला त्यालाच सांगा, आत्ता, तुमच्यासमोर. नंतर तो फोन उचलेलच असं नाही.

नकाशा कुठल्या प्रदेशाचा आहे हेही याच वेळी बघायचं. फुकट अपडेट म्हणजे यंत्रात असलेल्या प्रदेशाचं अपडेट. युरोपचा नकाशा असलेल्या यंत्राला उत्तर अमेरिकेचा नकाशा हवा असेल तर तो वेगळा विकत घ्यावा लागतो. परदेशातून कुणी स्वस्तात आणून दिलेल्या यंत्राची गाडी नेमकी इथेच अडते. नकाशाच्या माहितीचं पान उघडलं की प्रदेशाचं नाव आणि आवृत्ती दोन्ही दिसतात. गार्मिनमध्ये ‘२०१९.३०’ असं काहीतरी असतं: आधी साल, मग त्या सालातली आवृत्ती.

उघड्या आभाळाखाली

घरात बसून जीपीएस तपासता येत नाही. विकणारा म्हणतो, ‘इथे सिग्नल येत नाही, पण बाहेर येतो.’ मग बाहेरच जायचं. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की स्लॅबखाली तो जवळजवळ मरतोच. जागा आणि उंची दोन्ही कळायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात.

इथे थोडा धीर धरावा लागतो. यंत्र महिनोन् महिने बंद असेल, किंवा शेवटचं दूर कुठेतरी चालू केलेलं असेल, तर त्याला आभाळाची सगळी माहिती नव्याने गोळा करावी लागते. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेचा नेमका तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, पण सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून दोन मिनिटांत जागा सापडली नाही तर लगेच ‘खराब आहे’ म्हणू नका. मोकळ्या जागी, न हलवता, वीस मिनिटं राहू द्या. तेवढ्यात विकणाऱ्याशी गप्पा मारा, यंत्र का विकतोय ते विचारा. इतक्यानेही पडद्यावर उपग्रहांच्या सिग्नलच्या पट्ट्या उभ्या राहिल्या नाहीत तर मात्र आतला अँटेना गेलेला असू शकतो, आणि त्या दुरुस्तीच्या फंदात मी पडत नाही. एकदा जागा सापडली की यंत्र बंद करून लगेच पुन्हा चालू करावं. आता ते झटकन सापडायला हवं.

जागा सापडली की तारीख बघा. ही तपासणी फार कमी लोक करतात. जीपीएसची कालगणना ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली आणि मूळ सिग्नलमध्ये आठवडा मोजायला दहाच बिट (शून्य किंवा एक एवढंच मावणारी घरं) दिलेले आहेत. म्हणजे १०२४ आठवडे झाले, साधारण १९.६ वर्षं, की मोजणी पुन्हा शून्यावर येते. हे ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, मग ६ एप्रिल २०१९ ला झालं, आणि पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर सुधारलं गेलं नाही ती तारीख वीसेक वर्षं मागची दाखवतात. काही यंत्रांत हा घोटाळा त्यांच्या सॉफ्टवेअरच्या रचनेप्रमाणे वेगळ्याच तारखेला उगवतो. रस्ता कित्येकदा बरोबरच दाखवला जातो, पण तारखेवर चालणाऱ्या गोष्टींचा विचका होतो: अंधार पडल्यावर पडदा रात्रीच्या गडद रंगात जायचा तो भलत्याच वेळी जातो. काही यंत्रं तर अगदीच अडून बसतात. कंपनीने दुरुस्तीचं सॉफ्टवेअर काढलेलं असेल तर अपडेटने हे सुटतं. नसेल तर ते यंत्र सोडून द्यावं.

बाकीचं शरीर

आता पडदा. जुन्या नूवींचा पडदा दाबाने चालतो, फोनसारखा नुसत्या स्पर्शाने नाही. ज्यांना फोनची सवय आहे त्यांना तो बिघडल्यासारखा वाटतो. नखाने किंचित दाबून चारही कोपऱ्यांतली बटणं चालतात का बघा, पत्ता टाइप करा, कडेची अक्षरं उमटतात का ते पाहा. दाबाच्या पडद्याचा एक फायदा असा की हातमोजे घालूनही तो चालतो.

बॅटरीकडून फार अपेक्षा नको. नवीन असतानाही ती थोडा वेळच चालायची, आणि गाडीत वायर लावलेलीच असते. पण पडदा चौकटीतून वर उचललेला दिसला, पाठ फुगलेली वाटली, तर बॅटरी सुजली आहे. अशी डबी तापणाऱ्या काचेमागे ठेवायची नसते. ती घरी आणूच नये.

वायरीची गंमत अशी की मिनी यूएसबीच्या दोन वायरींची टोकं सारखी दिसली तरी त्या काम सारखं करत नाहीत. गार्मिनच्या गाडीच्या वायरीत एक खूण असते, तिच्यावरून यंत्राला ‘ही नुसती वीज आहे’ असं कळतं. साधी डेटा वायर गाडीत लावली तर बरीच जुनी यंत्रं स्वतःला संगणकाला जोडलेलं समजतात, पडद्यावर संगणकाचं चित्र येतं आणि रस्ता दिसेनासा होतो. शिवाय ‘टी’वाल्या बऱ्याच मॉडेलमध्ये वाहतुकीचा रिसीव्हर त्या मूळ वायरीतच बसवलेला असतो. वायर हरवली की वाहतूकही गेली. म्हणून मूळ वायर सोबत नसेल तर ‘टी’चे पैसे देऊ नका. ज्या यंत्रांत वाहतुकीसाठी आतच सिम होतं त्यांचं तर विचारायलाच नको. जुनी मोबाइल जाळी बंद होत गेली तशी त्यांची ही सोय आपोआप मालवली. नकाशासाठी ती अजून चालतील, पण तेवढ्यापुरतीच किंमत करा.

सक्शनचा कप कडक झालेला असतो, गरम पाण्यात थोडा वेळ ठेवला की मऊ पडतो, नाहीच तर स्टँड वेगळा मिळतो. आवाज मोठा करून ऐकून बघा. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा थर असतो, त्यामागे चांगलं यंत्रही आंधळं होतं. अशा काचेत आरशाजवळ बहुधा एक भाग मोकळा सोडलेला असतो, तिथे लावून बघावं.

आणि पिन. चालू करताच आकडे मागत असेल आणि विकणाऱ्याला ते ‘आठवत नाहीत’, तर पुढे बोलणंच नको. चोरीचा माल असण्याची शक्यता आहे, आणि नसला तरी तुमच्या उपयोगाचा नाही.

नवा नकाशा मावायला हवा

नकाशे दर आवृत्तीला फुगत जातात, यंत्राची आतली जागा मात्र होती तेवढीच राहते. २ किंवा ४ जीबीची यंत्रं आता पुऱ्या खंडाचा नकाशा पोटात घेऊ शकत नाहीत. कार्डाची खाच आहे का ते आधीच बघा. खाच असेल तर बहुतेक गार्मिनमध्ये नवा नकाशा अर्धा आत, अर्धा कार्डावर असा बसवता येतो. ३२ जीबीपर्यंतचं, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं मायक्रोएसडी कार्ड माझ्या वापरात आहे. फार जुनी यंत्रं २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत, ती पुस्तिका वाचून ठरवावीत. खाचच नसेल तर प्रोग्रॅम तुम्हाला नकाशाचा तुकडा निवडायला सांगतो, सगळा देश किंवा खंड नाही, फक्त हवा तो भाग. ज्याची गाडी एकाच बाजूला फिरते त्याला तेही पुरतं.

आता प्रत्यक्ष काम. मी ते रात्री जेवणानंतर सुरू करते, कारण मधे कुणी लॅपटॉप मागत नाही. आधी यंत्र पूर्ण चार्ज करायचं. मग ते संगणकाला थेट जोडायचं, चार फाट्यांच्या हबमधून नाही. लॅपटॉपचं झोपी जाणं बंद करून ठेवायचं. यंत्र ड्राइव्हसारखं उघडत असेल तर आतलं सगळं, लपवलेल्या फायलींसकट, संगणकावर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यायचं. हे पाऊल लोक कंटाळून टाळतात, पण अपडेट अर्ध्यावर मोडलं तर हाच फोल्डर जुना नकाशा परत देतो. साठवलेली ठिकाणंही त्यात येतात.

त्यानंतर आधी यंत्राचं सॉफ्टवेअर, मग नकाशा, याच क्रमाने. नव्या नकाशाला कधी कधी नवं सॉफ्टवेअर लागतं, आणि तारखेची दुरुस्तीही सॉफ्टवेअरमधूनच येते. यंत्र स्वतःहून बंद होऊन चालू होईल, होऊ द्यावं. मग नकाशा. अनेक जीबी उतरवायचे, मग ते जुन्या यंत्राच्या सावकाश मेमरीत लिहायचे, यात तासन् तास जातात. पट्टी शेवटच्या टोकाला येऊन थांबते तेव्हा हत्ती गेला आणि शेपूट अडकलं असं वाटून वायर ओढायचा मोह होतो. ओढायची नाही. त्या वेळी आत जोडणी आणि परवाना लिहिण्याचं काम चाललेलं असतं, आणि नेमका तिथे खंड पडला की चालू करताना ‘नकाशा उघडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. तसं झालंच तर घाबरायचं नाही, प्रोग्रॅममधून तोच नकाशा पुन्हा बसवायचा.

झाल्यावर नकाशाच्या यादीत जाऊन एकाच नकाशापुढे ‘चालू’ची खूण आहे ना ते बघा. जुना आणि नवा दोन्ही चालू राहिले तर यंत्र गोंधळतं आणि संथ होतं. मग तुम्हाला पाठ असलेला एखादा अलीकडे झालेला पूल किंवा बाह्यवळण शोधा. नव्या नकाशातही तो नसेल तर चकित होऊ नका. नकाशाचा मजकूर छापून यंत्रात येईपर्यंत काही महिने शिळा झालेलाच असतो.

कंपनीने पाठ फिरवली असेल तर

गार्मिन असेल तर सगळं संपलेलं नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून काढलेला आणि मोकळ्या परवान्याचा नकाशा आहे. काही स्वयंसेवी साइट त्यातून गार्मिनला चालणाऱ्या फायली बनवून फुकट देतात. हवा तो प्रदेश निवडायचा, ‘जीमॅपसप’ नावाची आयएमजी फाइल उतरवायची, कार्डावर ‘गार्मिन’ नावाचा फोल्डर करून त्यात ठेवायची आणि कार्ड यंत्रात घालायचं. नकाशांच्या यादीत तो दिसू लागतो. तिथे कंपनीच्या जुन्या नकाशाची खूण काढून याची लावायची. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, एवढं लक्षात ठेवून प्रदेश निवडा.

या नकाशात पायवाटा आणि गल्लीबोळ कित्येकदा कंपनीच्या नकाशापेक्षा चांगले असतात. घराच्या नंबरावरून पत्ता शोधणं मात्र कच्चं आहे. मी गावाच्या किंवा रस्त्याच्या नावावर जाते आणि शेवटचा टप्पा नकाशावर बोट ठेवून निवडते. एखादा रस्ता चुकलेला दिसला तर ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढून तो स्वतः दुरुस्त करता येतो. पुढच्या वेळी फाइल उतरवाल तेव्हा तुमची दुरुस्ती तिच्यात आलेली असेल. ही सोय मला कंपनीच्या कुठल्याही लाइफटाइमपेक्षा जास्त भावते.

बिननावाच्या मोठ्या पडद्यांच्या यंत्रांबद्दल माझं मत वाईट आहे. त्यांत बहुतेक वेळा आयगो नावाचा प्रोग्रॅम असतो आणि त्याची प्रत परवान्याची आहे की उचललेली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नकाशे एफबीएल नावाच्या फायलींत देशावार ठेवलेले असतात आणि ‘नवे नकाशे टाकून देतो’ म्हणणारे त्या फायली कुठून तरी आणून आत भरतात. अधिकृत अपडेटचा दरवाजाच नसलेलं यंत्र कितीही स्वस्त असलं तरी मी ते घ्यायला सांगत नाही.

घरी आणल्यावर आधीच्या मालकाची ‘घर’ म्हणून साठवलेली जागा, आवडती ठिकाणं आणि फिरलेल्या वाटा आत असतीलच. त्या बघत बसू नका, पुसून टाका. बऱ्याच नूवींमध्ये यंत्र बंद करून पडद्याचा खालचा उजवा कोपरा दाबून धरायचा, तसाच दाबलेला ठेवून यंत्र चालू करायचं आणि ‘सगळी माहिती पुसायची का’ असं विचारलं की बोट उचलून ‘हो’ म्हणायचं. नकाशा जागेवर राहतो, फक्त माणसाची माहिती जाते. तुमचं यंत्र पुढे कुणाला द्याल तेव्हाही हेच करा आणि मग खात्यातून त्याचं नाव काढा.